भाट्याच्या वाळूतली गिनती

शिमगा उलटला की आमच्या रत्नागिरीच्या हवेला धुराचा वास येतो. आजूबाजूच्या डोंगरउतारांवर भाजावळ सुरू झालेली असते. शेतकरी शेण, कवळं म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, पालापाचोळा जमिनीवर पसरून पेटवतात. पुढे त्याच राखेत रोपांसाठी भाताचा तरवा पेरायचा असतो. सकाळचा मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, तो धूर उचलतो आणि आमच्या आळीत आणून सोडतो. परसातली काजूची बोंडं पिकून खाली पडतात, त्यांचा आंबूस वास त्यात मिसळतो. इतरांना या दिवसांत आंबे आठवत असतील. मला ओलं गोणपाट आठवतं.

या वर्षीही ते आठवलं. कचेरीतून घरी येताना खाडीपलीकडे भाट्याच्या बाजूला धुराची बारीक रेघ दिसली, आणि पाय आपोआप थांबले. बरोबरचा कारकून म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, वारा बघतोय." त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. माणसाने आकाश बघावं, समुद्र बघावा. भर रस्त्यात उभं राहून वारा बघणारा कारकून त्याने पूर्वी पाहिलेला नसावा.

वारा बघायला मला दाऊद सारंगने शिकवलं. दहा वर्षं झाली. आदल्या चैत्रात पेठेतली चार दुकानं जळाली होती, आणि गावातला हातबंब तिथे पोचला तेव्हा विझवायला फक्त कोळसे उरले होते. त्यावरून बरीच बोलाबोली झाली आणि शेवटी दुकानदारांनी आणि आम्हा आळीकरांनी मिळून चौदा जणांचं एक पथक काढलं. पथक निघालं, पण शिकवणार कोण? तेव्हा कुणीतरी दाऊद सारंगचं नाव काढलं. हा माणूस तीस वर्षं आगबोटींवर होता. खलाशांचा मुकादम, म्हणजे सारंग, होऊन निवृत्त झाला होता आणि राजिवड्यात जाळी दुरुस्त करत बसलेला असे. बोटीवर दर आठवड्याला आगीची कवायत होते, हे आम्हाला त्याच्याकडूनच प्रथम कळलं.

तो यायला तयार झाला, पण एका अटीवर. "तोंडाने शिकवनार नाय. पेटवून शिकवीन." गावात पेटवायला कोण देणार? म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही चौदा जण तरीने खाडी ओलांडून भाट्याच्या किनाऱ्यावर जायचो. वाळूत चार वासे रोवून, त्यावर झावळ्या आणि गवत टाकून खोप उभी करायची आणि ती पेटवायची. मग ती विझवायची किंवा पाडायची, आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभी करायची. चांगली शिकलीसवरलेली माणसं स्वतःच्या हाताने खोप बांधतात आणि स्वतःच जाळतात, हे बघायला भाट्याची पोरंबाळं, बायका, झाडून सगळा गाव लोटायचा. आमची आगीपेक्षा त्यांच्यापुढेच जास्त तारांबळ उडायची.

पथकात सगळ्या तऱ्हेची माणसं होती. दोन वाणी, एक सोनार, राजिवड्यातले तिघे मच्छीमार, शाळेतले ड्रॉइंग मास्तर. धोंडू भंडारी होता, तो माडावर चढण्यात पटाईत, त्यामुळे छपरावर जायचं काम आपोआप त्याच्याकडे गेलं. मी कारकून. मला काय येतं, हे दाऊद सारंगला पहिल्या रविवारी काही केल्या कळेना. बंबाच्या दांड्यावर मला उभं केलं तर पाच मिनिटांत दम लागला. आकडी, म्हणजे टोकाला लोखंडी हूक असलेला लांब बांबू, हातात दिली तर ती मी ड्रॉइंग मास्तरांच्या टोपीत अडकवली. शेवटी त्याने विचारलं, "कारकूनसाहेब, मोजता येतंय?"

म्हटलं, "येतं."

"मग तुमी मोजा. सगळ्यात मोठं काम त्येच हाय."

मला वाटलं, थट्टा करतोय. बाकीच्यांनाही तेच वाटलं. धोंडू तर मोठ्याने हसला.

सारंगचे धडे मोजकेच होते. आग बघायची नाही, वारा बघायचा; चिमूटभर वाळू हातातून सोडली की कळतं. आगीच्या मागे धावायचं नाही. ती कुठे जाणार ते ओळखून तिच्या पुढचं छप्पर पाडायचं, म्हणजे तिला खायला काही उरत नाही. धूर वर जातो, हवा खाली राहते, म्हणून धुरात माणसाने जनावरासारखं चालायचं. तोंडावर ओलं फडकं. डावा हात भिंतीला, आणि तो काही झालं तरी सोडायचा नाही. भिंत कुठे ना कुठे दारापाशी नेतेच. छपराला दोर बांधून ओढायचं तेव्हा तो बोटीवरचीच भाषा वापरी. "हबेस!" म्हणजे ओढा. "आर्या!" म्हणजे सोडा. हे दोन हुकूम फक्त त्यानेच द्यायचे, दुसऱ्या कुणी नाही. आणि 'हबेस' म्हणण्याआधी तो दर वेळी माझ्याकडे बघायचा.

"गिनती?"

खोपीत आधी तिघा-चौघांना बसवलेलं असे. ते बाहेर आले की मी मोजायचो, आणि "सगळे!" असं ओरडायचो. त्यानंतरच दोर ओढला जाई. माणसं मोजल्याशिवाय छप्पर पाडायचं नाही, हा त्याचा नियम होता. मोजायला सुरुवात स्वतःपासून करायची, हाही. "मोजनारा आदी सवताला इसरतो," तो म्हणायचा.

एका रविवारी ड्रॉइंग मास्तरांनी त्याला विचारलं, की चार माणसं मोजायला एवढा सोहळा कशाला? सारंग वाळूत उकिडवा बसला होता. त्याने बिडी विझवली आणि सांगितलं, की एकदा बोटीच्या माल भरायच्या खणात कापसाच्या गासड्या पेटल्या होत्या. अशा वेळी आग गुदमरावी म्हणून खणाचं तोंड बंद करून आत वाफ सोडतात. त्याच्या पाळीची माणसं मोजली, बावीसच्या बावीस भरली, तोंड बंद केलं. आत एक जण झोपला होता.

"मग मोजलात कसा नाही?" मास्तर म्हणाले.

"तो आमच्या पाळीचा नव्हता," सारंग म्हणाला, आणि उठून पुढच्या खोपीचे वासे बघायला गेला.

घरी मी हे सगळं द्वारकेला सांगायचो. द्वारका म्हणजे माझी बायको. ती सुपात तांदूळ घेऊन बसलेली असे, आणि मी ओटीवर धोतर खोचून, डावा हात भिंतीला लावून रांगून दाखवत असे. आमची चार वर्षांची शांता आणि तिच्याहून धाकटा बाळू माझ्या पाठीवर बसायला धावायची. द्वारका सुपातून नजर न काढता म्हणायची, "हात सुटला हो तुमचा भिंतीवरून. मेलात तुम्ही." मी पुन्हा सुरुवात करायचो. आई आतून म्हणायची, "काय गो, त्याला कुठल्या परीक्षेला बसवलंयस?" आमच्या घरात तेव्हा मी, ही दोन मुलं, आई, अण्णा, विधवा आत्या, माझा धाकटा भाऊ आणि लग्नाची व्हायची असलेली बहीण मथू, एवढी माणसं होती. आणि द्वारका. आता लिहितानाही ती शेवटी आली, हे माझ्या लक्षात येतंय.

घर कौलारू होतं. मागच्या बाजूला मात्र गवताने शाकारलेली एक पडवी होती, कुडाच्या, म्हणजे काटक्या-मातीच्या, भिंतींची. तिच्या एका अंगाला लाकडांची खोप, आणि मागे चार हात अंतरावर शेजाऱ्यांचा गोठा, तोही गवताचाच. पडवीला दोन दारं. एक बाहेर, लाकडांच्या खोपीकडे उघडणारं, आणि एक मधलं, घरात येणारं. महिन्यातले तीन दिवस द्वारका त्या पडवीत बसायची. आत्या आणि आई त्या वयाच्या पुढे गेल्या होत्या. मथूचेही तेच दिवस आले की तीही तिथेच. तेव्हा सगळ्या घरांची हीच रीत होती, अजूनही बहुतेकांची आहे. मुलं द्वारकेला शिवतील म्हणून आई मधल्या दाराला घराच्या बाजूने कडी घालून ठेवायची. जेवण बाहेरच्या दाराशी नेऊन वाढलं जाई. आतल्या पंगतीत त्या दिवसांत एक पान कमी असे. मी त्या पंगतीत बसून जेवत असे, आणि मला त्यात कधी काही कमी वाटलं नाही. हे कबूल करताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

त्या चैत्रातली ती दुपार. कचेरीला सुट्टी होती. जेवणं झाली, अण्णा झोपाळ्यावर कलंडले, आणि मथूने परसात तीन दगड मांडून काजूबिया भाजायला घेतल्या. ओल्या-सुक्या बिया फुटक्या खापरात टाकल्या की त्यांचं तेल सुटतं, ते पेटतं, आणि बिया फटाफट उडतात. सगळं घर त्या वासाने जागं होतं. दुपारचा खारा वारा सुटला होता, समुद्रावरून येणारा, चांगला जोरकस. एक पेटती बी उडाली ती लाकडांच्या खोपीवरच्या गवतात. मथूने आधी ती काठीने काढायचा प्रयत्न केला. तिने आरडाओरडा केला तोवर खोप पेटली होती.

आमचं पथक आलं, आणि वेळेवर आलं, हे मी अभिमानाने सांगतो. धोंडू शेजारच्याच माडावर होता, तो तिथूनच ओरडत उतरला. दाऊद सारंग पेठेत मीठ घ्यायला आला होता, तो पिशवीसकट धावत आला. बंब लागला, विहिरीवर रहाट फिरू लागला, शेजारच्या बायका कळश्यांची रांग लावून उभ्या राहिल्या. सारंगने मूठभर माती हवेत सोडली. ती पडवीच्या अंगाने गोठ्याकडे गेली. पुढे काय करायचं, ते आम्हा सगळ्यांना त्याच क्षणी कळलं. खोप गेलीच होती, पडवी धरू लागली होती. पडवी पाडली नाही तर गोठा, आणि गोठ्यामागे सगळी आळी.

धोंडूने पडवीच्या आढ्याला दोर टाकला. आठ जणांनी तो धरला. सारंगने माझ्याकडे पाहिलं.

"गिनती?"

घरातली माणसं समोरच्या अंगणात आणून उभी केली होती. मी नियमाप्रमाणे स्वतःपासून सुरुवात केली. मी, अण्णा, आई, आत्या, भाऊ, मथू, शांता, बाळू. आठ. तीन दिवस पानं आठच होती. आकडा जुळला आणि मला बरं वाटलं. एवढ्या गोंधळातही आपण स्वतःला विसरलो नाही, याचं.

"सगळे!" मी ओरडलो.

"हबेस!"

दोर ताणला गेला. आढं कुरकुरलं, एका बाजूने गवताचा मोठा पेंढका खाली आला. धूर जमिनीलगत पसरला. पुन्हा "हबेस!" आणि मी कृतकृत्य होऊन उभा होतो. तेवढ्यात शांता माझं धोतर ओढून म्हणाली, "आईला नाही शिवायचं?"

पोरीला एवढंच विचारायचं होतं, की सगळेच बाहेर अंगणात आलेत, आई पण येईल, तर आज तिला शिवलं तर चालेल का. त्यापुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी "आर्या!" म्हणून ओरडलो. तो हुकूम द्यायचा अधिकार माझा नव्हता. पण चौदा रविवारांच्या सवयीने आठ जणांनी दोर सोडला, आणि अर्धवट झुकलेलं आढं तसंच लोंबत राहिलं.

"आत बायको आहे माझी," मी म्हटलं.

सारंगच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं, ते मला विसरता येत नाही. राग नव्हता तो. तो बाहेरच्या दाराकडे धावला, पण तिथे लाकडं पेटली होती. मी घरात शिरलो, मधल्या दाराकडे. धूर. दाराच्या वरच्या अंगाची कडी मी रोज बघत होतो, ती सापडेना. उभा राहिलो होतो ना. जे शिकलो त्यातलं एकही आठवलं नाही. खोकून खोकून डोळ्यांपुढे अंधार आला तेव्हा माझ्याच भावाने मला मागे ओढलं. कडी काढायची तशीच राहिली.

बाहेर आलो तर परसातून धोंडूचा आवाज आला, "हितं! हितं बगा!" पडवीच्या मागच्या कुडाचा खालचा भाग, मोरीपाशी ओलाव्याने कुजलेला, आतून हलत होता. आधी एक हात बाहेर आला, मग डोकं. तोंडावर पदराचा ओला बोळा. द्वारका रांगत बाहेर आली, जनावरासारखी. सारंगने विहिरीवर भिजवून खांद्यावर घेतलेलं ओलं गोणपाट तिच्या पेटलेल्या निऱ्यांवर टाकलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. आईच्या तोंडून सवयीने "अरे, तिला शिवू..." एवढंच निघालं.

सारंगने द्वारकेला हाताला धरून रातांब्याच्या झाडाखाली बसवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नऊ. आता सगळे." आणि दोराकडे वळून, "हबेस!" पडवी कोसळली. गोठा वाचला, आळीही वाचली. विझवायला अजून तासभर लागला, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही.

द्वारकेचा डावा तळवा भाजला होता. भिंतीवरचा हात तिने सोडला नव्हता. संध्याकाळी शेजारच्यांच्या ओसरीवर मी तिच्या हाताला खोबरेल लावत बसलो होतो. ती झोपेतून उठली तेव्हा खोलीत धूर भरला होता, म्हणाली. बाहेरचं दार तापलेलं. मधलं दार तिने वाजवलं, पण सगळे अंगणात. मग तांब्यातल्या पाण्यात पदर भिजवला. "तुम्ही ओटीवर रांगायचात ते डोळ्यांपुढे आलं," ती म्हणाली, "आणि त्यातही हसूच आलं मला."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुम्ही किती म्हणालात?"

मी म्हटलं, "आठ."

"मग बरोबरच मोजलंत," ती म्हणाली. "पानं आठच होती."

ती चिडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. मला फार लाज वाटली, आणि त्या लाजेवर आजवर काही उतारा सापडलेला नाही.

पुढच्या रविवारी मी भाट्याला जाणार नव्हतो. सारंग सकाळी स्वतः दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "मोजायला आता दुसरा कुणी बघा." तो म्हणाला, "दुसरा कशाला? ज्याची चुकली नाय त्याला काय ठावं?" तरीवर बसल्यावर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, माझ्याकडे न बघता. बोटीवर ती बावीस माणसं मोजणारा तोच होता. त्या दिवसापासून आमच्या पथकाच्या धड्यांत एक भर पडली: घरातली माणसं मोजून झाली की घरच्या बाईला विचारायचं, बाजूला कोण बसलंय? म्हातारा खोकला घेऊन माळ्यावर पडलेला असतो, बाळंतीण अंधाऱ्या खोलीत असते, कुणी रुसून मागच्या दारी बसलेलं असतं. प्रत्येक घरात असं कुणीतरी पंगतीबाहेर असतं. पहिल्यांदा हा प्रश्न विचारायला आम्हा पुरुषांची जीभ अडखळायची. पुढे सवय झाली.

दाऊद सारंग तीन वर्षांपूर्वी गेला. पथक आहे, पण आता धोंडू शिकवतो, आणि त्याला आता माडावर चढवत नाही. आमच्या घरातले अण्णा गेले, आत्या गेली, भाऊ मुंबईला, मथू सासरी संगमेश्वरला. पडवी मी कौलांची बांधून घेतली. नव्या मधल्या दाराला कडी बसवली नाही. सुताराने दोनदा विचारलं, आईने चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, पण नाही बसवली. एवढंच माझ्याने झालं. पडवी मोडून टाकावी, ती रीतच मोडावी, एवढी छाती माझी नव्हती, आणि द्वारकाही दर महिन्याला जाऊन बसत राहिली.

मी भाट्याकडचा धूर बघत रस्त्यात थांबलो, तो या आठवड्यातला दिवस. घरी पोचलो तर शांता दिसली नाही. ती आता चौदा वर्षांची आहे. आई स्वयंपाकघराच्या दारात बसली होती; माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसलीय मागे. मोठी झाली पोर." दहा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी मला तिनेच थांबवलं होतं.

हातपाय धुऊन जेवायला आलो. मधलं दार सताड उघडं होतं. द्वारकेने पानं मांडली होती, माझं, आईचं, बाळूचं आणि स्वतःचं. आणि त्याच ओळीत सरळ पुढे, उंबरठ्याच्या पलीकडे पडवीत, पाचवं. त्या पानावर शांता मान खाली घालून बसली होती. आई म्हणाली, "हे काय नवीन?" द्वारका भात वाढत होती. "इथून दिसतंय ना," ती म्हणाली, "तेवढं पुरे." आई काहीतरी पुटपुटली, पण उठली नाही.

वाढताना द्वारकेचा डावा तळवा दिव्याच्या उजेडात क्षणभर दिसला. ती माझ्या पानाशी आली आणि हळूच म्हणाली, "मोजा."

स्वतःपासून सुरुवात करायची, असा सारंगचा नियम होता. तेवढा एक मी मोडला. पडवीतल्या पानापासून सुरुवात केली आणि स्वतःला शेवटी मोजलं. पाच. मग जेवायला घेतलं.